टीममधले स्वभाव सांभाळायचे म्हणजे नक्की काय करायचं?

रानजाई

पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळते. टीम लहान, पण नमुने भरपूर. एक जण रोजच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे सकाळच्या छोट्या मीटिंगमध्ये, "कालचंच पुढे चालू आहे" एवढंच बोलतो आणि संध्याकाळी टीम्सवर असा मेसेज टाकतो की वाटतं, हे सकाळी का नाही बोललास बाबा! दुसरीला बोलता बोलताच सुचतं. तिला अडवलं की तिचा विचारच थांबतो, नाही अडवलं की मीटिंग जेवणाच्या सुट्टीपर्यंत जाते. तिसरा प्रत्येक कामाला "हो, होऊन जाईल" म्हणतो. चौथ्याला आकडे दाखवल्याशिवाय काहीच पटत नाही. आणि एक सिनियर सर आहेत, त्यांचे रिव्ह्यूमधले शेरे एक-दोन शब्दांचे: "चूक." "परत करा." "हे का?" नव्या मुलीला वाटतं ते तिच्यावर चिडलेत. ते चिडलेले नसतात, त्यांचं लिहिणंच तसं आहे.

मध्यंतरी एचआरने कार्यशाळा घेतली. प्रश्नावली भरून घेतली आणि प्रत्येकाला एकेक रंग दिला. लालशी मुद्द्याचं बोला, पिवळ्याशी उत्साहाने बोला, हिरव्याला वेळ द्या, निळ्याला तपशील द्या. दुपार मजेत गेली. आता मात्र "तो हिरवा आहे, त्याला कशाला क्लायंट कॉलवर घेताय?" असलं काहीबाही ऐकू यायला लागलंय.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. प्रत्येकाशी त्याच्या स्वभावाप्रमाणे बोलायचं म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही काय बदलता? आणि किती बदलायचं? पाच जणांशी पाच तऱ्हांनी बोलत बसले तर माझं काम कोण करणार? स्वतःचे अनुभव लिहा. लेखांचे दुवे नकोत, ते मीही शोधू शकते.

पेठकर

म्हणजे आता पत्रिका बघून कामं वाटायची तर! आमच्या वेळी बँकेत एक साहेब नव्या माणसाला रास विचारायचे, तुमच्याकडे रंग विचारतात. युरोपात गेलन या प्राचीन वैद्याच्या काळापासून रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त अशा चार प्रकृती होत्याच. तुमच्या कार्यशाळेने फक्त पाटी रंगवून घेतली.

बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाच्या हातात "तुझं विश्लेषण" म्हणून एक कागद दिला. किती जुळतंय त्याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग सांगितलं की कागद सगळ्यांना एकच दिला होता, आणि त्यातली बरीचशी वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. तुमच्या हिरव्याचा रिपोर्ट निळ्याला देऊन पाहा एकदा. कृ. ह. घ्या.

सांजवेळ

खुर्ची टाकून बसले आहे. आमच्याकडे पुढच्या महिन्यात हीच कार्यशाळा आहे.

कागदोपत्री

मी असल्या कार्यशाळा घेते, म्हणजे दगड खायला स्वतःच आले आहे.

पेठकर, फोररचा प्रयोग आम्ही प्रशिक्षणात स्वतःच सांगतो. तुमचा मुद्दा मान्य, पण तो अर्धाच आहे. या चार खणांचं मूळ विल्यम मार्स्टन यांच्या १९२८ च्या मांडणीत आहे. (हेच गृहस्थ पुढे वंडर वुमनचे जनक.) त्यांनी स्वतः स्वभावाची कुठली चाचणी काढली नाही. माणूस परिस्थितीला तोंड देताना कसा वागतो, एवढंच ते मांडत होते. प्रश्नावल्या नंतर इतरांनी केल्या आणि धंदा त्याच्याही नंतर आला. तीच गत एमबीटीआय या गाजलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीची. मानसशास्त्रज्ञ युंगने १९२१ मध्ये मांडलेले प्रकार एका आई-मुलीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावलीत बसवले. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं. आज ही चाचणी विकणारेही सांगतात की नोकरीवर घेताना ती वापरू नका.

मग मी कार्यशाळा का घेते? लोकांना एरवी बोलता न येणारी गोष्ट त्या दिवशी बोलता येते म्हणून. "तुम्ही मला तोडून बोलता" हे सिनियरला कुणी सांगत नाही, पण "सर, तुम्ही फार लाल झालात" हे हसत हसत सांगता येतं. रंग खरा की खोटा हे त्यात दुय्यम आहे. रानजाई, तुमच्याकडे बिघडलं ते कार्यशाळेनंतर. रंग बोलायला दिले होते, काम वाटायला नव्हे. "हिरवा आहे म्हणून क्लायंट कॉल नको" हे कुणी म्हटलं की तिथल्या तिथे थांबवा. तो कॉल त्याला हवा का, हे त्यालाच विचारा.

आकडेमोड

पेठकरांशी बराचसा सहमत, कागदोपत्रींशी थोडा.

संशोधनात सध्या जे मॉडेल जास्त वापरलं जातं ते पाच घटकांचं: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि मन चटकन अस्वस्थ होणं. त्यात खण नसतात, पट्टी असते आणि बहुतेक माणसं पट्टीच्या मधल्या भागात सापडतात. मधोमध रेघ मारली की रेघेच्या अल्याडचा अंतर्मुख आणि पल्याडचा बहिर्मुख ठरतो, दोघांत फरक मात्र नखभर. एमबीटीआयसारखी खणांची चाचणी काही आठवड्यांनी परत दिली की बऱ्याच जणांचा "प्रकार" बदलतो, त्याचं एक कारण हे. शिवाय तुमचा न बोलणारा मुलगा मित्रांत, ट्रेकला, मॅच बघताना कसा असतो ते कधी पाहिलंय का?

आता कामाचं. तो गप्प बसतो हा तुम्ही त्याच्या स्वभावाचा प्रश्न धरलाय, मी मीटिंगचा धरेन. येल विद्यापीठात १९५८ साली चार-चार जणांना एकत्र बसवून कल्पना काढायला लावल्या. दुसरीकडे तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने काढलेल्या कल्पना एकत्र करून मोजल्या. एकेकट्यांच्या कल्पना जवळपास दुप्पट निघाल्या. पुढे १९८७ मध्ये दोन संशोधकांनी यामागचं मोठं कारण दाखवलं: एक जण बोलत असला की बाकीच्यांना थांबावं लागतं, तेवढ्यात सुचलेलं निसटतं किंवा सांगण्यासारखं वाटेनासं होतं. हे बोलक्यांच्या बाबतीतही होतं.

अमेझॉनने २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि लिहिलेलं टिपण आणलं. बैठकीच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून ते वाचतात, बोलणं नंतर. आमच्याकडे एवढा थाट नाही. सुरुवातीला थोडा वेळ सगळ्यांनी एकाच शीटमध्ये आपापलं लिहायचं, मग चर्चा. तुमच्या मुलाचा संध्याकाळचा मेसेज सकाळी येईल. आणि बोलता बोलता सुचणाऱ्या बाईंचं अर्धं आधीच लिहून झालेलं असल्यामुळे मीटिंगही आवरेल. एका बदलात दोघांचं काम झालं, आणि कुणाला रंग द्यावा लागला नाही.

रानजाई

शीटची कल्पना आवडली. पण माझी ती बोलकी मैत्रीण लिहायला बसली की तिला काहीच सुचत नाही. ती बोर्डासमोर हातवारे करतानाच भारी असते.

आकडेमोड

मग तिला मीटिंगच्या आधी कुणाशी तरी बोलू द्या. चहाला तुम्हीच ऐका हवं तर. तेवढा वेळ जाईल, पण तो बाकी सगळ्यांचा जाणार नाही.

चाकण_सेकंड_शिफ्ट

आयटीवाल्यांच्या धाग्यात घुसतोय. मी प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे, शिफ्ट सुपरवायझर. आमच्याकडे रंग फक्त हेल्मेटचे.

लाइनवर बीड-नांदेडची माणसं, दोघे खानदेशचे, कॉन्ट्रॅक्टवरची पोरं बिहार-झारखंडची. रानजाईताईंनी विचारलं की नक्की काय बदलता. मी शब्द फारसे बदलत नाही. कुठं सांगायचं, कधी सांगायचं आणि कुणासमोर सांगायचं, हे बदलतो.

आमच्याकडे एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. चारचौघांत "काका, पार्ट रिजेक्ट झाले" म्हटलं तर दिवसभर मशीन चालवतील, पण तोंडातून शब्द काढणार नाहीत. आणि डाय (साचा) बिघडायला लागलाय हे प्रेसच्या आवाजावरून ओळखणारा माणूस लाइनवर तेवढा एकच. त्यांचं तोंड बंद झालं तर नुकसान माझं. म्हणून त्यांच्याशी मशीनपाशी, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, "काका, या कडेला बर्र येतोय, जरा बघता का?" एवढंच. (बर्र म्हणजे पत्र्याच्या कडेला राहिलेली धारदार कोर.) बाकी ते करतात. हेच वाक्य आयटीआयमधनं नवीन आलेल्या पोराला म्हटलं तर त्याला वाटतं साहेब सहज बोलून गेले. त्याला सरळ सांगायचं: हे थांबव, असं कर, आता मला करून दाखव. त्याला त्यात अपमान वाटत नाही, उलट बरं वाटतं, काय करायचं ते कळलं म्हणून. हिंदीवाल्या पोरांना सूचना त्यांच्यातल्याच एकाकडून परत वदवून घेतो.

कौतुक मात्र सगळ्यांना सगळ्यांसमोर चालतं असं समजू नका. आमच्याकडे एका पोराचं नाव बोर्डावर लावलं तर बाकीच्यांनी त्याला इतकं पिडलं की पुढच्या वेळी "साहेब, नाव नका लावू" म्हणून सांगायला आला.

आणि एक गोष्ट कुणासाठीही बदलत नाही. डाय बदलताना मेन बंद, कुलूप, टॅग. काका असोत की पोरगं, तापट असो की लाजाळू, वाक्य तेच आणि आवाज तोच.

पेठकर

चाकण, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा चांगला आहे. (रानजाई, राग नसावा.)

रात्रपाळी

चाकणदादांनी शेवटी लिहिलंय त्यावरून लिहावंसं वाटलं. मी मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात सिस्टर आहे. रात्री तीनला डॉक्टरांना उठवायचं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. कुणी शांतपणे ऐकतात, कुणी फोन उचलल्यापासून चिडलेले. नवी मुलगी आधी माफी मागते, मग पेशंट दाखल झाल्यापासूनची कहाणी सुरू करते. तोवर पलीकडून "मग मी काय करू?"

यावर उपाय म्हणून डॉक्टरचा स्वभाव ओळखायला शिकवत नाहीत, एसबार शिकवतात. अमेरिकेच्या नौदलात पाणबुड्यांवर असं सांगायची पद्धत होती, तिथून ती रुग्णालयांत आली. चार पायऱ्या: आत्ता काय झालंय, पेशंट कोण आणि कशासाठी दाखल, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. उदाहरणार्थ: "सर, बेड नऊ, बीपी ८० बाय ५० झालंय. काल पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट. आत रक्तस्राव होत असेल असं मला वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघावं." संपलं. डॉक्टर चिडके असोत की प्रेमळ, फोन तेवढाच. तोंडी ऑर्डर दिली तर ती आपण परत वाचून दाखवायची आणि त्यांनी "बरोबर" म्हणायचं.

यातली तिसरी पायरी मुलींना सगळ्यात जड जाते. "मला वाटतं" म्हणायची सवयच नसते. पण कागदावर ती ओळ छापलेली असली की धीर येतो, मी आगाऊपणा करत नाहीये, फॉर्मच तसा आहे, असं वाटतं. ऑपरेशन थिएटरमध्येही जागतिक आरोग्य संघटनेची २००८ पासूनची चेकलिस्ट आहे. त्यात चीर देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. एकदा तोंड उघडलं की पुढे गरज पडली तर दुसऱ्यांदा उघडायला सोपं जातं, हा माझा अनुभव.

विमानवेडा

रात्रपाळींशी शंभर टक्के सहमत. २५ जानेवारी १९९० ला अव्हियांका या कोलंबियन कंपनीचं ५२ नंबरचं विमान न्यूयॉर्कजवळ पडलं, १५८ पैकी ७३ जण गेले. कारण: इंधन संपलं. खराब हवेमुळे विमानाला तासापेक्षा जास्त वेळ आकाशात घिरट्या घालायला लावल्या होत्या. इंधन कमी पडतंय हे वैमानिकांनी नियंत्रकांना सांगितलं होतं, पण "इमर्जन्सी" हा ठरलेला शब्द वापरला नाही. नियंत्रकांना गांभीर्य कळलंच नाही. समोरचा आपल्या सुरावरून ओळखेल असं धरून चालणं महागात पडतं. जीवावरच्या गोष्टींना ठरलेले शब्दच हवेत, मग बोलणारा कितीही भिडस्त असो.

कालव्याकाठी

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून लिहितोय. इथे आल्यावर पहिले काही महिने मला वाटत होतं की आमच्या टीममधले झाडून सगळे "लाल" आहेत. डच सहकारी भर मीटिंगमध्ये "हे डिझाइन मला पटत नाही" म्हणतो आणि पाच मिनिटांनी त्याच माणसाबरोबर सँडविच खात हसत असतो. आणि त्यांना वाटायचं की मी "हिरवा" आहे, कारण मी विरोध करतच नव्हतो. मी करत होतो हो! माझ्या मते भरपूर करत होतो, पण तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. पुण्यातल्या माझ्या जुन्या टीमला विचारा, ते सांगतील हा किती भांडकुदळ आहे. तेव्हा स्वभाव म्हणून जे मोजतो त्यात गाव किती आणि माणूस किती, याचा हिशेब रंगवाल्यांनी आधी द्यावा.

इथे आमच्या मॅनेजरबाईंनी एक गोष्ट केली ती सांगतो. प्रत्येकाने अर्धं पान लिहायचं: मला अचानक फोन चालतो की आधी मेसेज हवा, चूक कशी सांगितलेली आवडते, कुठल्या वेळी मला हात लावू नये, माझ्या कुठल्या सवयीचा लोक चुकीचा अर्थ काढतात. सुरुवात त्यांनी स्वतःच्या पानापासून केली. त्यांनी लिहिलं होतं, "मी विचार करताना कपाळाला आठ्या घालते, तो राग नसतो." त्यानंतर लोक मोकळेपणाने लिहायला लागले. चाचणी नाही, रंग नाही. ज्याचं त्यानेच सांगायचं, आणि बदललं तर बदलून लिहायचं.

रानजाई

हे करून बघणार. विशेषतः शेवटचा प्रश्न. आमच्या सिनियर सरांना तो विचारला तर काय लिहितील याची उत्सुकता आहे. बहुधा "नाही."

"होऊन जाईल" म्हणणाऱ्याचं काय करू ते कुणीच सांगितलं नाही. तो खोटं बोलत नाही हो, त्याला खरंच नाही म्हणता येत नाही.

चाकण_सेकंड_शिफ्ट

त्याला हो-नाहीचा प्रश्नच टाकू नका ताई. "शुक्रवारपर्यंत होईल का?" विचारलं की हो येणारच. "यात कुठं अडेल?" विचारा. "सध्या हातात काय काय आहे, त्यातलं कुठलं मागं टाकू?" विचारा. कुठलं मागं टाकायचं हे तुम्ही ठरवलं की नाही म्हणायचं ओझं त्याच्यावर राहत नाही. आणि पहिल्यांदा तो अडचण सांगेल तेव्हा तोंड वाकडं करू नका, नाहीतर पुन्हा सांगणार नाही.

उंबरठा

इतका वेळ वाचतेय, आता लिहिते. नोकरीला लागून फार काळ झालेला नाही.

वरचे बरेचसे प्रतिसाद टीम सांभाळणाऱ्यांचे आहेत. "समोरच्याच्या स्वभावाप्रमाणे बोला" हे आम्हाला कार्यशाळेत शिकवावं लागत नाही. साहेब सकाळी बॅग टेबलावर कशी ठेवतात त्यावरून आज सुट्टी मागायची की नाही ते आम्हाला कळतं. कुणाला मेल चालतो, कुणाला समोर जाऊन सांगावं लागतं, कुणाची कल्पना त्यांचीच आहे असं भासवावं लागतं, सगळं पाठ असतं. रोज जुळवून घेतो ते आम्हीच. वरच्यांनी थोडं केलं की त्याला नेतृत्वगुण म्हणतात, आम्ही केलं की त्याला नोकरी म्हणतात.

आणि गप्प बसणाऱ्यांच्या अप्रेझलमध्ये दर वर्षी तेच वाक्य: "आणखी पुढे यायला हवं." काम चांगलं का? हो. वेळेवर का? हो. मग कुठे पुढे यायचं?

आकडेमोड

उंबरठा, अगदी बरोबर. तुमच्या बाजूने एक अभ्यासही आहे. २०११ साली अमेरिकेतल्या एका पिझ्झा साखळीच्या दुकानांचा नफा तपासला होता. कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे असतील तिथे बोलक्या मॅनेजरपेक्षा शांत मॅनेजरच्या दुकानाचा नफा जास्त होता, कारण शांत मॅनेजर ऐकून घेतो. कर्मचारी सांगितल्यावरच हलणारे असतील तिथे उलट. म्हणजे "लीडर बोलका हवा" हे सरसकट खरं नाही.

कागदोपत्री

उंबरठा यांचा प्रतिसाद मी माझ्या पुढच्या सत्रात वापरणार, परवानगी असेल तर. "पुढे यायला हवं" या वाक्याबद्दल: अप्रेझलच्या बैठकीत मी मॅनेजरला विचारते, "पुढे आली नाही म्हणून कुठलं काम अडलं?" बहुतेक वेळा उत्तर नसतं आणि वाक्य खोडलं जातं. कधी कधी मात्र खरं उत्तर असतं: तिला धोका दिसला होता आणि तिने सांगितला नाही. तेव्हा ती ओळ राहते, पण नेमकी होऊन राहते.

उंबरठा

खुशाल वापरा. नाव नको.

पेठकर

सगळं मान्य. पण रानजाईंचे ते "चूक" लिहिणारे सिनियर राहिलेच. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते अशांकडे बघूनच.

रात्रपाळी

पेठकरकाका, "त्यांचा स्वभावच तसा आहे" हे मी फक्त मोठ्या पदावरच्यांबद्दल ऐकलंय. वॉर्डबॉय तसं बोलला तर त्याला मेमो मिळतो.

रानजाई

आई गं. हे लागलं.

सर मनाने खरंच चांगले आहेत, नव्यांसाठी रात्री उशिरापर्यंत बसतात. त्यांना दुखवायचं नाहीये. त्यांच्याशी कसं बोलू? कागदोपत्री म्हणतात तसं "फार लाल झालात" म्हटलं तर त्यांना रंग आठवणारही नाही.

चाकण_सेकंड_शिफ्ट

थोडक्यात बोलणाऱ्या माणसाशी थोडक्यातच बोला. भावना-बिवना नकोत, मीटिंग लावू नका, त्यांच्या टेबलापाशी जा. "सर, नव्यांच्या रिव्ह्यूत 'चूक' लिहिलं की कुठं आणि का, एवढी एक ओळ जोडाल का? आत्ता त्या तेच काम तीनदा परत पाठवतायत, तुमचाच वेळ जातोय." त्यांना कामाचा तोटा दाखवा, लगेच करतील. असली माणसं अर्धवट कामावर चिडतात, सूचनेवर नाही.

उंबरठा

आणि त्या मुलीलाही सांगा ना. "हे का?" असा शेरा आला तर तो खरंच प्रश्न असू शकतो. तिने तिथेच खाली उत्तर लिहावं, गुपचूप सगळं पुसून नव्याने करू नये. माझ्या एका शेऱ्याला मी असंच कारण लिहिलं होतं. उत्तर आलं: "ठीक. राहू दे."